नावं राखणारी फिलोमीन

आपला स्वभाव संशयी आहे, असं फिलोमीन माँतूरला कधी वाटलं नाही. काहनावागे गावात असं न वाटणारी ती एकटीच होती. टपाल आलं की ती आधी पाकिटाचं पोट दाबून बघायची आणि मग टपाल आणणाऱ्याचं तोंड. मर्सिए पुलावरून उतरून गावात शिरणारी प्रत्येक अनोळखी मोटार तिच्या लेखी जमीन मोजायला आलेली असायची. एकदा तिने शवपेट्या पोचवणाऱ्या गाडीचाही नंबर लिहून घेतला होता. रेडिओवर बिंगोचे आकडे सांगणारा माणूस स्वतःच्या मेहुणीसाठी आकडे काढतो, हे तिने तीन हिवाळे पुराव्यासह सांगितलं. पुरावा असा, की मेहुणी दोनदा जिंकली होती.

गाव तिला हसायचं, पण चालवून घ्यायचं. गावाने तिच्यावर सोपवलेलं काम भोळ्या माणसाच्या हातून होण्यासारखं नव्हतंच. अस्वल कुळाची नावं फिलोमीन राखायची.

गावातल्या ह्या मूळनिवासी लोकांत एक नाव एका वेळी एकाच जिवंत माणसाचं असतं. चर्चच्या वहीतली फिलोमीन, शेरिल वगैरे नावं कितीही जणींना असोत, ती कागदापुरती. खरं नाव कुळाच्या मालकीचं. माणूस गेला की ते कुळाकडे परत येतं आणि नवं मूल जन्मलं की रिकाम्या नावांतलं एक त्याला मिळतं. म्हणताना नावांची पिशवी म्हणतात, पण तशी पिशवी कुठे टांगलेली नव्हती. पिशवी म्हणजे फिलोमीनचं डोकं. त्यात एकशे चौऱ्याहत्तर नावं होती, पैकी एकतीस मोकळी. एखादं नाव बाळाला द्यायचं ठरलं की ती आधी आठ दिवस फोनला चिकटायची. आपल्याच लोकांच्या दुसऱ्या गावांना, अक्वेसास्नेला, ओश्वेकेनला, खाली पार ब्रुकलिनला, जिथे गावचे पुरुष आठवडाभर उंच इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांवर काम करत.

"हे नाव तिकडे कुणी लावत नाही ना? नक्की? सासूला विचारून सांग. झोपलीय? मग उठव की. ती काय लोखंड चढवून दमलीय?"

आणि अशा बाईच्या लोकांना जगाने दिलेलं नाव काय, तर मोहॉक. ते त्यांचं नव्हेच. ते स्वतःला गारगोटीच्या मुलखातले लोक म्हणतात. मोहॉक म्हणजे माणूसखाऊ. शेजारच्या शत्रूंनी गोऱ्यांच्या कानात सांगितलं, गोऱ्यांनी ते चुकीचं ऐकून चुकीचं लिहिलं आणि तेच चिकटलं. त्याबद्दल फिलोमीनची तक्रार नव्हती. "शत्रूने शिवी दिली, ती त्याच्या धर्माला धरून होती," ती म्हणायची. "आपणही त्यांना काही कमी म्हणत नव्हतो." तिचा संताप पुढच्या गोष्टीचा होता. एकदा दिलेलं ते नाव जगाने वाटेल त्याला वाटलं. नदीला दिलं, खोऱ्याला दिलं, विमानाला दिलं, पेट्रोल पंपाला दिलं, पाय पुसायच्या गालिच्याला दिलं. शेजारच्या शातोगे गावातल्या दुकानात डोक्याच्या दोन्ही बाजू तासून मधे कोंबड्याचा तुरा उभारलेलं एक गोरं पोरगं तिने पाहिलं. त्या तुऱ्यालाही मोहॉक म्हणतात हे कळल्यावर तिने त्याला रांगेतच गाठलं.

"हे नाव तुझ्या डोक्याला कुणी दिलं?"

"न्हाव्याने," पोरगं म्हणालं.

"कुठल्या कुळाचा आहे तो?"

पोरग्याने आईला हाक मारली.

जुने लढवय्ये कपाळापासूनचे केस उपटून टाळूवर फक्त चौकोनी झुपका ठेवत. हा रस्त्यासारखा पट्टा त्यांच्यात कुणाचा नव्हता. पण तो मुद्दा वेगळा. फिलोमीनचा मुद्दा हिशेबाला सोपा होता. एक नाव, आणि ते लावणारे एका वेळी नदी, गालिचा आणि ते पोरगं. तिच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात अशा नावचोरांची कात्रणं भरलेली होती. तो खण ओढताना अडकायचा, एवढा भरलेला.

असल्या बाईच्या हातून त्या वर्षी जे घडलं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं असतं तर तिने त्याला गावातून हाकललं असतं.

ऑगस्टमध्ये, हिरव्या मक्याच्या सोहळ्यात, तिने आपली नात शेरिल हिच्या मुलीला एक नाव दिलं. ते नाव इथे लिहायची सोय नाही. ते छापून शेकडो लोकांत वाटण्यासाठी नसतं. ते फिलोमीनच्या मोठ्या बहिणीचं, एर्नेस्टीनचं होतं. एर्नेस्टीन अठराव्या वर्षी बर्फावर नाचणाऱ्या एका कंपनीबरोबर निघून गेली. आई म्हणाली, "डोक्यात पिसं खोवून लोकांपुढे गिरक्या घ्यायच्या असतील तर इकडे तोंड दाखवू नकोस," आणि एर्नेस्टीनने ते शब्दशः पाळलं. पुढे फिलोमीनने पाठवलेलं नाताळचं कार्ड परत आलं. ब्रुकलिनहून आलेल्या एका लोखंडवाल्याने सांगितलं की ती बर्फावरची बाई क्लीव्हलँडमध्ये छातीच्या दुखण्याने गेली. फिलोमीनने आयुष्यात तेवढ्या एकाच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण तो सांगताना रडत होता. तिने बहिणीच्या दहाव्या दिवसाचं जेवण घातलं. नाव परत घेतलं, आणि चौतीस वर्षं मोकळं ठेवून मग शेरिलच्या मुलीला दिलं.

डिसेंबरमध्ये पत्र आलं. फिलोमीनने पाकिटाचं पोट दाबलं, टपालवाल्याचं तोंड बघितलं आणि पत्र वाचून ती खुर्चीवर बसली.

"काय झालं, टोटा?" शेरिलने विचारलं. आजीला तिथे टोटा म्हणतात. शेरिलच्या कडेवर मुलगी होती आणि मुलीच्या तोंडात शेरिलची कॉलर.

"एक बाई म्हणते, ती एर्नेस्टीन आहे."

शेरिलने पत्र घेऊन मोठ्याने वाचलं. ह्या बाईने बारा वर्षं बर्फावर काम केलं होतं, नवरा वारला होता, वय चौऱ्याहत्तर होतं आणि हृदयाचे डॉक्टर तिच्याशी फार गोड बोलू लागले होते. 'जाहिरातींवर मला मोहॉक राजकन्या म्हणत,' तिने लिहिलं होतं. 'माझ्या खऱ्या नावाने मला पंचावन्न वर्षांत कुणी हाक मारलेली नाही. मध्यहिवाळ्याच्या सोहळ्यात लांबघरात ते एकदा घेतलं जावं, एवढ्यासाठी येते.'

"आणि हे बघ काय लिहिलंय," फिलोमीनने बोट ठेवलं. "बारा वर्षं रोज रात्री दोनदा मोहॉक केला. मोहॉक करतात कसा? ही भामटी आहे."

"आणि नसली तर?"

फिलोमीनने बाळाकडे पाहिलं. नसली तर ह्या पोरीचं नाव चोरीचं ठरत होतं. लांबघरात, म्हणजे सोहळ्यांच्या त्या लांबलचक सभाघरात, गावाच्या तिन्ही कुळांसमोर उभं राहून ते पोरीकडून परत घ्यावं लागणार होतं, आणि जी बाई जिवंत माणसाचं नाव दुसऱ्याला देते, तिच्याकडे कुळमाता मेबल पुढे साधं मांजराचं नावसुद्धा ठेवायला देणार नव्हती.

"तिला भामटी असावंच लागेल," फिलोमीन म्हणाली.

"टोटा, ती तुझी बहीण असेल कदाचित."

"म्हणून तर."

जानेवारीत, सोहळ्याला आठ दिवस असताना, सकाळी एक टॅक्सी येऊन फाटकाशी थांबली. लाल कोट घातलेली उंच म्हातारी उतरली, टॅक्सी गेली, आणि म्हातारी टपालपेटीजवळ बर्फात उभी राहिली. ती दाराकडे आली नाही. दोनदा खाकरली आणि वाट बघत राहिली. जुन्या रीतीने पाहुणा रानाच्या कडेला थांबतो, घरचे बोलावतात तेव्हाच पुढे येतो.

फिलोमीन पडद्याआडून बघत होती.

"टोटा, दहा मिनिटं झाली."

"रीत माहीत आहे म्हणजे पुस्तक वाचलंय. आपलं सगळं पुस्तकांत छापून गेलंय. दरवर्षी कुणीतरी वही घेऊन येतो."

"डोळ्यांतलं पाणी गोठत असेल तिच्या."

"खोटं असेल तर गोठणार नाही. बघू."

शेवटी शेरिलच बाहेर गेली आणि म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीने स्वयंपाकघरात येऊन इकडेतिकडे पाहिलं, फिलोमीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "फिलो, तू केवढी जाड झालीस."

"बसा, बाई," फिलोमीन म्हणाली. "चहा घेता? कुठून आलात म्हणालात?"

पुढचे तीन दिवस चौकशी चालली. चौकशी कसली, पोलिसांनी लाजावं असा प्रकार. वडिलांचा घोडा कुठल्या पायाने लंगडायचा? नदीकाठची जमीन कालव्यात गेली तेव्हा कुणाचं धान्याचं कोठार आधी पाडलं? पाहुणीला निम्म्या गोष्टी आठवत होत्या. तिला आठवत नसलं की फिलोमीन म्हणायची, "बघा, माहीत नाही." तिला आठवत असलं की फिलोमीन म्हणायची, "कुणीतरी पढवलंय." एकदा तिने घोड्याबद्दलच मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं. पाहुणी म्हणाली, "तुला आठवत नसेल, तू लहान होतीस," आणि फिलोमीनने तेही विरोधी पुराव्यात धरलं.

"बरं, तो मोहॉक काय प्रकार आहे?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. "पत्रात लिहिलंत तो."

पाहुणीने टेबल भिंतीला लावायला सांगितलं. मग लोकरी मोजे घातलेल्या पायांनी ती जमिनीवरून घसरत आली, एका पायावरून वळून दुसऱ्या पायावर गेली, आणि जी तोंड पुढे करून येत होती ती त्याच वळणात पाठ पुढे करून जाऊ लागली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. फ्रिजला धरून थांबली तेव्हा धापा टाकत होती.

"हा मोहॉक," ती म्हणाली. "बर्फावर असल्या पावलाला म्हणतात. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाला, आता मोहॉक कर. मी म्हटलं, आहेच की. तो म्हणाला, अगं, कर. मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय, म्हणून त्याच्या नडगीवर लाथ मारली."

शेरिल हसून खाली बसली. फिलोमीन हसली नाही, पण ती खणाकडे गेली, कागद काढला आणि यादीत लिहून घेतलं: नदी, खोरं, विमान, पंप, गालिचा, तुरा, पाऊल.

"लाथ मारली ते बरं केलंत," ती म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं हे पहिलं सरळ वाक्य होतं, आणि त्याचा तिला स्वतःलाच संशय आला.

रात्रभर विचार करून तिने शेवटची परीक्षा ठरवली.

रविवारी सकाळी त्या गावात घरोघर मक्याचे रोट आणि वर रस्सा घातलेलं गोमांस असतं. पांढरा मका लाकडाच्या राखेत उकळायचा, म्हणजे दाण्यांची सालं सुटतात. मग टोपलीत घालून खळखळून धुवायचा, दळायचा, राजमा मिसळून गोल रोट थापायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. आईच्या हातच्यासारखे रोट गावात कुणाला जमले नाहीत, असं फिलोमीन चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. आईला ओळखणारे एकेक करून गेले, आणि ते गावात खरंच मानलं जाऊ लागलं. खरी गोष्ट दोघीच बहिणींना माहीत होती. आईचे रोट भयंकर असत. राख पोट जाळते असा आईला संशय होता. संशय त्या घरात कुळासारखाच आईकडून मुलीकडे यायचा. त्यामुळे ती राख निम्मीच घालायची, सालं सुटायची नाहीत, आणि जेवण झाल्यावर घरदार तासभर दात कोरत बसायचं.

शनिवारी फिलोमीनने मका चढवला.

"टोटा, राख कमी पडलीय," शेरिल म्हणाली.

"माझ्या आईने जशी घातली तशीच घातलीय. तू तोंड बंद ठेव."

भामटी असेल तर ती गोड बोलणार, हे फिलोमीनला पक्कं ठाऊक होतं. लुबाडायला आलेलं माणूस ताटाला नावं ठेवत नाही. म्हणून रविवारी ताटं मांडल्यावर ती मुद्दाम म्हणाली, "हे माझ्या आईच्या पद्धतीचे. गावात असे कुणाला येत नाहीत. कसे झालेत, बाई?"

पाहुणीने घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग ओठांतून एक साल काढून ताटाच्या कडेला ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिसरी काढायला नख दातांत घालून म्हणाली, "ह्या घरात अजून राख स्वस्त झाली नाही का?"

शेरिलने आपला घास ताटात परत ठेवला.

"मी पळाले त्या दिवशी खिशात ह्यातलाच एक रोट घेतला होता," ती पुढे म्हणाली. "बफेलो शहरापर्यंत पुरला. पुरला म्हणजे, चावून संपेना. आईची आठवण आली की जीभ दातांत फिरवायची, एखादं साल हमखास सापडायचं. बाकीचं तू कितीही विचार, फिलो, पण हे खायला घालून विचारू नकोस. माझी कवळी आहे."

फिलोमीन उठली. पाहुणीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिचा हात त्या खांद्यावर दोनदा जाऊन परत आला, तिसऱ्यांदा टेकला.

"एर्नी," ती म्हणाली. "तू मेली होतीस."

"कुणी सांगितलं?"

"एक जण रडत रडत सांगत होता."

"प्यालेला असेल."

हे फिलोमीनला चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं. "मी तुझं दहाव्याचं जेवणही घातलं."

"काय केलं होतंस?"

"मक्याचं सूप. आणि रोट."

"राख?"

"भरपूर."

"मग ठीक आहे," एर्नेस्टीन म्हणाली. तेव्हा कुठे तिला रडू आलं, आणि दोघींनी एकाच हातरुमालाची ओढाताण केली.

पण तास गेला, भांडी झाली, आणि गोष्ट जिथल्या तिथेच होती. फिलोमीनने सगळं सांगून टाकलं. पाळण्यातली मुलगी दाखवली. म्हणाली, "तुझं नाव हिच्याकडे आहे."

एर्नेस्टीन बाळाकडे बघत राहिली. बाळाने तिचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. एर्नेस्टीनने बोट काढून घेतलं नाही, पण आवाज कडक होता. "मी दुसरं काही मागायला आले नाही, फिलो. घर नको, जमीन नको. पंचावन्न वर्षं मला गालिच्याच्या नावाने हाका मारल्या लोकांनी. माझं तेवढं मला दे."

"हिचं काढून?"

"ते तू बघ. नावं तू राखतेस ना?"

दोन दिवस बहिणी एकमेकींशी फक्त मिठाबद्दल बोलल्या. शेरिल मुलीला नावाने हाक मारायची बंद झाली. नुसतं "ए" म्हणायची. फिलोमीन खिडकीशी बसून डोक्यातली पिशवी उलटीपालटी करायची. एकशे चौऱ्याहत्तर नावं, कुणाचं कधी आलं, कुणाचं कधी गेलं, कुणी लहानपणचं सोडून मोठेपणी दुसरं घेतलं.

तिथे ती थांबली.

अस्वल कुळात दोन नावं असत. पाळण्यातलं एक, आणि माणूस मोठं झालं की दुसरं. तेव्हा पहिलं परत पिशवीत येई. एर्नेस्टीन अठराव्या वर्षी गेली. मोठेपणीचं नाव द्यायच्या आधीच गेली. म्हणजे कुळाच्या लेखी ही बाई चौऱ्याहत्तर वर्षांची लहान मुलगी होती.

फिलोमीनने बहिणीला हाक मारली. "तुला अजून मोठ्या बाईचं नाव मिळालेलं नाही."

"मग?"

"मिळालं की पाळण्यातलं आपोआप मोकळं होतं. पोरीचं पोरीकडे राहील."

एर्नेस्टीनने डोळे बारीक केले. त्या क्षणी दोघी बहिणी आहेत हे आंधळ्यालाही कळलं असतं. "कुठलं देणार? कुणाला नको असलेलं काहीतरी असेल."

"आईचं."

आईचं नाव बेचाळीस वर्षं मोकळं होतं. कितीतरी जणींनी मागितलं, शेरिलनेही मागितलं होतं, आणि फिलोमीनने प्रत्येकीत काहीतरी खोट काढून नाही म्हटलं होतं. ती ते कुणासाठी राखून होती, हे तिलाही माहीत नव्हतं. कधीकधी तिला वाटायचं, स्वतःसाठी.

"ह्यात काय गोम आहे?" एर्नेस्टीनने विचारलं.

"काही नाही."

"आईने मला तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं. तिचं नाव मला? तू मला गप्प बसवायला देतेस."

"हो," फिलोमीन म्हणाली. "तेही आहेच. घेतेस का?"

एर्नेस्टीनने एक दिवस मागून घेतला. मेबल कुळमातेकडे जाऊन ती परस्पर चौकशीही करून आली, की हे नाव खरंच मोकळं आहे ना, ब्रुकलिनमध्ये कुणी लावत नाही ना. परत येऊन म्हणाली, "घेते."

सोहळ्यात लांबघर भरलेलं होतं. दोन्ही टोकांच्या शेगड्या धगधगत होत्या, बाकांवर कोट आणि मुलं ढिगाने पडली होती. फिलोमीन आधी स्वतः उभी राहिली. "मी एका जिवंत बाईचं नाव बाळाला दिलं," ती म्हणाली. "मी नीट चौकशी केली नाही."

लांडगा कुळाच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "हिने? चौकशी केली नाही?" सगळं लांबघर हसलं, मेबलसुद्धा. फिलोमीन उभीच राहिली आणि हसणं संपेपर्यंत एकेकाचा चेहरा लक्षात ठेवत राहिली. पुढे कुणी तिच्याकडून नावं काढून घ्यायचा विषय काढला नाही. मेबल फक्त म्हणाली, "इथून पुढे रडणाऱ्यांचं आधी तोंड हुंगत जा."

मग निवेदकाने एर्नेस्टीनला पुढे बोलावलं, तिचं नवं नाव मोठ्याने उच्चारलं, आणि ह्या बाईला आता ह्या नावाने ओळखा म्हणून सांगितलं. अस्वल कुळाच्या बाकांवरून होकार आला. शेरिलची मुलगी आपल्याच नावाची राहून झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलोमीनने चहा ओतला आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिली. एर्नी म्हणून चालणार नव्हतं. बहीण नावासाठीच आली होती. पण ते नाव मुलींनी तोंडातून काढायचं नसे. घरात त्या नावाने फक्त आजी हाक मारायची, तीही रागावली तर. फिलोमीनने कठडा धरला, घसा साफ केला आणि आईला नावाने हाक मारली.

वर काही हललं नाही. तिने दुसऱ्यांदा मारली, जरा मोठ्याने.

"आले गं," वरून आवाज आला. "माझ्यासाठी आहे होय ते? मला वाटलं, आई घरात आहे."